एद्दोचा संशय

फादुमो पहिल्यांदा भेटली तेव्हा माझ्याशी एक शब्द बोलायच्या आधी तिनं माझ्या गाडीची झडती घेतली. डिकी वगैरे उघडली नाही, तेवढी मेहेरबानी. हॉलच्या काचेच्या दारातून तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, दार उघडून बाहेर आली, मला ओलांडून सरळ पार्किंगमध्ये गेली आणि गाडीच्या प्रत्येक काचेला नाक लावून आत डोकावली. मागच्या सीटवर माझ्या सासूबाई बसल्या होत्या, सँडरिंगहॅमच्या दुकानातून घेतलेली मेथी निवडत. तपकिरी ओढणीत गुंडाळलेला एक अनोळखी चेहरा काचेला चिकटलेला पाहून त्या "अगं बाई!" म्हणून अशा ओरडल्या की मेथी सगळी पायाशी. फादुमो शांतपणे परत आली.

"साथ में कौन है?" तिनं विचारलं. हिंदीत!

"सास है," मी म्हटलं.

तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा माणुसकी उमटली. "तो अंदर बुलाओ. सास को कोई गाड़ी में रखता है?"

ही फादुमो. साठीच्या आसपासची सोमाली बाई, उंच, हाडापेरानं रुंद, एका गुडघ्यानं लंगडणारी. ऑकलंडमध्ये आमच्या सँडरिंगहॅमच्या बाजूला एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये ती सोमाली बायका आणि तरुण मुलींसाठी एक केंद्र चालवायची. घरात मार खाणाऱ्या बायकांना आडोसा द्यायचा, त्यांना काहीतरी कामाचं शिकवायचं, आणि मग चारचौघांत उभं राहून बोलायला लावायचं, असं ते काम. मुली तिला एद्दो म्हणायच्या. एद्दो म्हणजे आत्या. पुढे मीही एद्दोच म्हणायला लागले. नावं मी सगळी बदलली आहेत, हे आधीच सांगून टाकते. खरी लिहिली असती तर एद्दोनं मला वरून शिव्या घातल्या असत्या.

तिच्या हिंदीचं कोडं लवकर सुटलं. लहानपणी मोगादिशूच्या थिएटरात तिनं पोतंभर हिंदी सिनेमे पाहिले होते. त्यामुळे तिची हिंदी भाजी घेण्याची नव्हतीच, कोर्टातल्या वकिलाची होती. मी ईस्ट टामाकीत एका मोठ्या गोदामात ट्रेनर आहे. लोकांना फोर्कलिफ्ट चालवायला आणि सुरक्षित कसं राहायचं ते शिकवते. एद्दोच्या केंद्राला मुलींसाठी असं कोणी शिकवणारं हवं होतं, आमच्या ऑफिसात विचारणा आली, मी हात वर केला. एवढीच गोष्ट. पण एद्दोला एवढीच गोष्ट कधीच पुरायची नाही.

"किसने भेजा?"

"कुणी नाही, मीच आले."

"तुम्हारा क्या फ़ायदा?"

"काही फायदा नाही. मदत म्हणून."

झालं. तिचे डोळे बारीक झाले. "फायदा नाही म्हणतात त्या माणसांना मी घाबरते," ती म्हणाली. "फायदा सांगणाऱ्याशी मला भाव तरी करता येतो."

मला राग आला. सुट्टीचा दिवस मोडून यायचं, आणि वर ही उलटतपासणी? मी पर्स उचलली. तेवढ्यात गाडीतून उतरून आलेल्या सासूबाई आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या, "मेरा फायदा है. ये घर में बैठके मेरे साथ भांडती है. इधर आएगी तो मेरे को शांती." एद्दो पोट धरून हसली. "ये सच है," ती म्हणाली, आणि दार पूर्ण उघडलं. म्हणजे मला प्रवेश मिळाला तो सासूच्या जोरावर. हे सासूबाईंनी पुढे मला किती वेळा ऐकवलं असेल, विचारू नका.

हॉलमधले नियम एद्दोचे होते आणि त्यांना अपील नव्हतं. आत आलं की फोन एका भल्यामोठ्या अॅल्युमिनियमच्या पातेल्यात टाकायचा. पातेल्यावर झाकण, झाकणावर एद्दोची नजर. फोटो नाही. बैठक चालवायची ती सगळ्यांत लहान मुलीनं. मोठ्या बायका मध्ये बोलल्या तर एद्दो दाराजवळच्या आपल्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून घसा खाकरायची, की सगळ्या चूप. ती स्वतः कधी पुढे बसली नाही. "पुढे बसलं की दार दिसत नाही," ती म्हणायची. कुठल्याशा ऑफिसातून गळ्यात पट्टा घातलेली, किया ओरा किया ओरा असा माओरी नमस्कार करत हसरी मंडळी यायची, तेव्हा ती त्यांना चहा द्यायची, सामोसे द्यायची आणि एकही नाव द्यायची नाही. मंडळी गेली की म्हणायची, "सामोसा खाल्ला, आमचं दुःख विचारलं. पुढच्या वर्षी दुसरे येतील, त्यांनाही भूक असेल."

आणि आणखी एक नियम. तिथे कुणी कुणाला 'तू कुणाची?' हे विचारायचं नाही. सोमाली माणसाचं नाव म्हणजे स्वतःचं, मग बापाचं, मग आजोबाचं, आणि तसंच मागे मागे गेलं की कूळ निघतं. कूळ कळलं की कोण कुणाचा वैरी तेही निघतं. एद्दोच्या दोन भावांना त्यांच्या गावच्या नाक्यावर बंदूकवाल्यांनी हाच प्रश्न विचारला होता. पुढचं ती सांगायची नाही, मी विचारलंही नाही.

हा नियम मला समजावून सांगावा लागला नाही. "मूळचे कुठले? आडनाव काय म्हणालात?" ह्या प्रश्नावर समोरच्याचा चहाचा कप हातात कसा अडतो, हे मी पिंपरीत वाढताना पाहिलंय आणि इथे ऑकलंडातल्या दिवाळीच्या पार्ट्यांमध्येही पाहिलंय. आम्ही बौद्ध. विचारणाऱ्याला नेमकं काय हवंय ते आम्हाला प्रश्न संपायच्या आत कळतं. म्हणून मी सवयीनं नुसतं "उज्ज्वला" सांगते आणि थांबते. एद्दोनं ते पहिल्याच दिवशी टिपलं होतं. "तू अर्धंच नाव सांगितलंस," ती एकदा म्हणाली. "तेव्हाच मला वाटलं, ही बाई कदाचित बरी असेल."

कदाचित! महिनोन्‌महिने मी त्या कदाचितवरच लटकले होते. एकदा तिनं मला बाजूला घेऊन अगदी कानात सांगितलं की ती पुन्हा लग्न करणार आहे, एका म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याशी, आणि हे कुणाला बोलायचं नाही. मी घरी सासूबाईंनासुद्धा बोलले नाही, आणि हे सोपं नव्हतं, कारण असली बातमी पोटात ठेवून स्वयंपाक होत नाही. नंतर कळलं की टॅक्सीवाला असा कोणी नव्हताच! तिनं प्रत्येकीला वेगवेगळी थाप सांगून ठेवली होती. कुठली थाप कुठून फिरून परत येते, ते ती वर्षभर बघत बसायची. "तुम्हारा टैक्सीवाला वापस नहीं आया," तिनं मला एक दिवस सांगितलं. मी पास झाले होते. मला आनंद व्हावा की हिच्या डोक्यात पातेलं घालावं, कळेना.

तर ह्या हॉलमध्ये मला होदान भेटली. बावीस-तेवीस वर्षांची, बोलायला लागली की भिंतीकडे बघणारी. तिचा डावा हात कोपरातून पूर्ण सरळ व्हायचा नाही. मी मुलींना आमच्या गोदामाच्या मागच्या यार्डात शिकवायला न्यायचे. फोर्कलिफ्टवर नव्या माणसाला सगळ्यांत कठीण जातं ते गाडी मागे घेणं. माणसं पुढेच बघत राहतात, मान वळवतच नाहीत. होदान पहिल्या दिवसापासून दर क्षणाला मागे बघायची. मी कौतुकानं एद्दोला सांगितलं, तर ती म्हणाली, "तिला मागे बघायला तू नको शिकवूस. पुढे बघायला शिकव."

खरं सांगायचं तर तेव्हा मलाच एद्दोचा संशय यायला लागला होता. होदान राहायची कुठे, ते कुणाला ठाऊक नाही. रोज वेगळ्या रस्त्यानं यायची. तिचा पासपोर्ट एद्दोकडे. साधं कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला जायचं तर एद्दोला विचारून. मी मनात म्हटलं, ही बाई पोरींना वाचवतेय की कोंडतेय? शेवटी एकदा यार्डात मी होदानला सरळ विचारलं, "तुला एद्दोनं डांबून ठेवलंय का? तसं असेल तर मला सांग. माझी गाडी बाहेर उभी आहे."

होदान प्रथमच माझ्याकडे बघून बोलली. नवरा मेलबर्नला. हात त्यानं मोडला होता, दारात घालून. ती पळून इकडे आली, कोर्टाचा प्रोटेक्शन ऑर्डरही मिळाला, पण नवऱ्याचे नातेवाईक जगभर पसरलेले आणि ती कुठे आहे ते शोधत बसलेले. पासपोर्ट तिनंच एद्दोकडे दिला होता. कुणी गोड बोलून, रडून भेकून परत बोलावलं तर आपण जाऊ, अशी तिला स्वतःचीच भीती वाटायची.

हे मी विचारलं, हे एद्दोला संध्याकाळपर्यंत कळलं. आता आपली कायमची सुट्टी, असं धरून मी पुढच्या वेळी गेले. एद्दोनं खुर्ची सोडली, लंगडत स्वयंपाकघरात गेली आणि वेलची-दालचिनीचा चहा स्वतःच्या हातानं गाळून माझ्यासमोर ठेवला. तोवर मला तो नेहमी दुसरीच कुणीतरी द्यायची.

"अब ठीक है," ती म्हणाली. "तू मुझ पर भी शक करती है."

त्या दिवसापासून मी तिची झाले.

होदानला सर्टिफिकेट मिळालं आणि लगेच ईस्ट टामाकीतच एका दुसऱ्या गोदामात नोकरी लागली. एद्दोच्या केंद्रातून फोर्कलिफ्टवर बसलेली ती पहिली मुलगी. घरी मी हे सांगितलं, आणि सासूबाई म्हणाल्या, "मग सत्कार करायला हवा!"

आता आपल्या लोकांना तुम्ही ओळखताच. पोरगं दहावी होवो, कोणी नोकरीतून निवृत्त होवो, शाल आणि गुच्छ तयार. आमच्या बौद्ध मंडळाचा बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम जवळ आला होता. सासूबाईंनी अध्यक्षांना फोन लावला आणि सत्कार ठरवूनही टाकला, मला विचारायची पद्धतच नाही. एद्दोनं अर्थातच उडवून लावलं. "स्टेजवर? सगळ्यांसमोर? डोकं फिरलंय का?" पण सासूबाई हॉलवर जाऊन तिच्यासमोर ठाण मांडून बसल्या.

"मेरे बाप ने मुंबई में गटार साफ किया," त्या म्हणाल्या. "उसको किसीने कभी शाल नहीं दिया. मेरा लडका इंजिनियर हुआ, तब पहली बार हमारे घर में शाल आया. मेरी सास वो शाल लेके सोती थी. तुम लडकी को काम देती है, अच्छा है. मान कब देगी?"

एद्दो बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मोबाइल पतीले में."

तो सत्कार मी जन्मात विसरणार नाही. कम्युनिटी सेंटरच्या दारात एद्दो आपलं पातेलं घेऊन उभी, आणि आमची सगळी पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली मंडळी मुकाट्यानं त्यात फोन टाकतेय. अध्यक्ष गायकवाड नुसते कासावीस. "उज्ज्वलाताई, फोटोशिवाय सत्कार? मग झाला कशावरून म्हणायचा?" माझी मुलगी सानिका म्हणाली, "शी इज हीप्स कूल, मम्मा," म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत फारच भारी, आणि तिचा फोन मागायच्या आतच टाकून मोकळी झाली. वंदना झाली, खीर झाली, आणि होदानला स्टेजवर बोलावलं. सासूबाईंनी शाल तिच्या खांद्यावर घातली. होदाननं मान वर केली आणि समोर बसलेल्या शे-दीडशे माणसांकडे सरळ पाहिलं, भिंतीकडे नाही. टाळ्यांच्या वर एक आवाज घुमला. दारातून एद्दो जीभ हलवत उलूलू करून ओरडत होती, त्यांच्याकडे लग्नात ओरडतात तसं. गालांवरून पाणी वाहत होतं, आणि पातेलं तिनं कमरेवर धरलेलं होतं.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांत एक माणूस होदानच्या गोदामाच्या गेटवर आला. चांगले कपडे, गोड बोलणं. रिसेप्शनवरच्या बाईला म्हणाला, मी तिचा मामा, मेलबर्नहून आलोय, सरप्राइज द्यायचंय. त्या बाईनं होदानला आत फोन केला. होदानला मामा नव्हताच. ती मॅनेजरच्या खोलीत कडी लावून बसली, पोलीस येईपर्यंत माणूस निघून गेला. पण गेला म्हणजे कुठे गेला? होदान त्या रात्री झोपली नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर गेली नाही.

एद्दोनं मला फोन केला. "तुम्हारे लोग," एवढंच म्हणाली, आणि ठेवला. मग मी लावलेला एकही फोन उचलला नाही. हॉलवर गेले तर दार बंद. काचेतून ती मला दिसत होती, मी तिला दिसत होते. उघडलं नाही.

मग मी घरादारावर राग काढला. गायकवाडांना जाऊन विचारलं, "खरं सांगा, दुसरा फोन होता का खिशात?" ते बिचारे दुखावून म्हणाले, "उज्ज्वलाताई, जय भीम म्हणून शब्द दिला होता मी." त्यांच्या बायकोला विचारलं. सानिकाचा फोन तिच्यासमोर उघडून पाहिला, ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही. शेवटी सासूबाईंना विचारलं, "आई, तुम्ही गावाकडे फोनवर कुणाला काही...?" त्यांनी वाटी खाली ठेवली. "सून म्हणून तुझं सगळं ऐकलं," त्या म्हणाल्या, "हे नाही ऐकणार," आणि जेवणावरून उठल्या. घरात कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देईना. हॉलवरही तेच चाललं होतं, असं नंतर कळलं. एकेका मुलीला एद्दो समोर बसवून विचारत होती. मुली रडत होत्या. दोघींनी यायचंच बंद केलं. इतक्या वर्षांत जे उभं राहिलं होतं ते पत्त्यांच्या घरासारखं हलायला लागलं.

आणि एका शनिवारी सकाळी एद्दो आमच्या दारात. एकटी, बसनं आलेली. आत आली, सोफ्यावर बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा दाराकडे पाठ करून बसली. सासूबाई तिच्याशी न बोलता चहा टाकायला गेल्या.

"वो मैं थी," ती म्हणाली.

मला कळेना. मग तिनं सांगितलं. सत्काराच्या रात्री घरी गेल्यावर तिला राहवलं नाही. तिची धाकटी बहीण नैरोबीत असते. सोमाली माणसं चिठ्ठीचपाटी करत नाहीत, फोनवर आवाज भरून पाठवतात, आणि तो आवाज मावशीकडून मामीकडे असा जगभर फिरतो. एद्दोनं बहिणीला आवाज पाठवला होता. नाव घेतलं नव्हतं. नुसतं म्हणाली होती, "माझी पोरगी ईस्ट टामाकीत एवढी मोठी मशीन चालवते, पुरुष बघत बसतात. आज भारतातल्या लोकांनी तिच्या अंगावर शाल घातली, राणीला घालतात तशी." बहिणीला इतका आनंद झाला की तिनं तो आवाज पुढे पाठवला. पुढच्यानं त्याच्या पुढे. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या सोमाली मुली ऑकलंडमध्ये असतात किती? फिरत फिरत तो आवाज मेलबर्नला पोचला, आणि तिथून परत तिच्याच एका भाचीच्या फोनवर आला. भाचीनं तो काल हॉलमध्ये, फोन पातेल्यातून काढून, लावून दाखवला. "एद्दो, हा तुमचाच आवाज ना?"

"मी सगळ्यांच्या तोंडावर पहारा ठेवला," ती म्हणाली. "माझं तोंड राहिलं."

सासूबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि एद्दोच्या शेजारी जाऊन बसल्या. "होतं असं," त्या मराठीतच म्हणाल्या. "पोरीचं कौतुक कुणाला पोटात ठेवता येतं?"

एद्दोला ते कळलं असावं. ती मान हलवत राहिली. "दुःखात माझ्या तोंडून कुणी शब्द काढू शकत नाही. पोलिसांना नाही जमलं, बंदूकवाल्यांना नाही जमलं. आनंद झाला की माझं तोंड उघडतं. आणि ह्या पोरी आता मला आनंदच देणार आहेत." मग ती माझ्याकडे वळली. "होदानला ऑकलंडच्या बाहेर ने. तुझी माणसं असतील तिथे ने. आणि कुठे ते मला सांगू नकोस."

"एद्दो, कायम?"

"कायम."

होदानला हे मुळीच मान्य नव्हतं. "तुमची चूक, आणि मला का शिक्षा?" ती हॉलमध्ये ओरडली, मला तर तिचा आवाज एवढा मोठा आहे हेच ठाऊक नव्हतं. "मला आई नाही. तुम्हीच आहात. मी फोन तरी करेन." एद्दो म्हणाली, "नको. तू फोन केलास तर मला आनंद होईल." तिनं पासपोर्ट होदानच्या हातात दिला, तिचं तोंड दोन्ही हातांत धरून काहीतरी पुटपुटली, आणि दार उघडून धरलं. होदान माझ्या गाडीत बसली. कुठल्या गावी मी तिला नेलं, ते तुम्हालाही सांगणार नाही. तिथे माझी एक मैत्रीण आहे, तीही आपलीच. होदान आता तिथे बायकांना शिकवते, त्यांच्या बैठका चालवते, आणि गरज पडली की वकिलासमोर, पोलिसांसमोर त्यांच्या बाजूनं बोलते. काय शिकवते, तेही सोडा.

त्यानंतर एद्दोनं केंद्राचं नाजूक काम तीन तरुण मुलींच्या हाती सोपवलं. कुठली बाई कुठे राहते, ते आता त्यांनाच ठाऊक. एद्दो दाराशी बसायची, पातेलं सांभाळायची, चहा करायची. लोकांना वाटलं, म्हातारी थकली. ज्या मुलींना तिनं विनाकारण रडवलं होतं त्यांच्या घरी ती एकेक करून गेली आणि सगळ्यांसमोर माफी मागून आली. त्या परत आल्या. मला मात्र तिच्याकडे जायची भीती वाटायची. कारण मी समोर आले की तिला एकच विचारायचं असायचं, आणि ती तेच विचारायची नाही. माझ्या मुलीचं विचारायची, सासूबाईंच्या गुडघ्याचं विचारायची, पेट्रोलच्या भावावर बोलायची. एकदा फक्त म्हणाली, "उधर ठंड बहुत है क्या?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच, "नहीं, मत बोल."

मागच्या हिवाळ्यात तिच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. सोमाली लोकांत आजाऱ्याला भेटायला जाणं म्हणजे धर्मच. हॉस्पिटलच्या खोलीत सदा माणसं, जवळची, लांबची, मेलबर्नहून आलेलीसुद्धा. कोण कुणाचं, ते एद्दोलाही ठाऊक नसायचं. ती झोपल्या झोपल्या दाराकडे बघत असायची. मी गेले त्या दुपारी नमाजाची वेळ होती, माणसं बाहेर गेली होती. आम्ही दोघीच. तिचा हात सुजलेला, थंड. मला राहवेना. मी मनाशी ठरवूनच गेले होते की आता काय व्हायचंय ते होवो, हिला सांगायचं. होदान कुठे आहे, कशी आहे, किती बायका तिच्याभोवती जमतात. हे ऐकल्याशिवाय हिनं जाऊ नये. मी वाकले आणि म्हटलं, "एद्दो, सुनो, होदान..."

तिनं हात उचलला आणि माझ्या तोंडावर ठेवला. त्या हातात एवढा जोर कुठून आला होता कोण जाणे. डोळे मिटलेले, त्यांतून पाणी येत होतं, पण हात तिनं काढला नाही. बाहेरून माणसांची पावलं ऐकू यायला लागली तेव्हाच काढला.

ती गेली त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या पार्किंगमधून होदानला फोन केला. दफन लगेच होणार होतं. मी म्हटलं, "तू निघालीस तर पोचशील. मी घ्यायला येते." ती म्हणाली, "तिथे सगळे येतील ना?" मी म्हटलं, "हो, सगळेच." ती म्हणाली, "मग नाही येत." मी समजावू शकले असते, पण समजावायचं कुठल्या तोंडानं?

"मी कुठे आहे, ते तिला कळलं होतं का?" होदाननं विचारलं.

"नाही."

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"मी सांगायला लागले होते. तिनं माझं तोंड दाबलं."

मग होदान रडायला लागली, मोठ्यानं, कुणी ऐकेल ह्याची पर्वा न करता. मी गाडीत बसले, काच वर केली आणि फोन कानाला लावून बसून राहिले. गप्प हो, असं मी तिला म्हटलं नाही.